कॉपर-निकेलमध्ये डिफ्युजन शून्य येतंय? आधी उड्या मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॉपर-निकेलचा ४,००० अणूंचा एफसीसी बॉक्स (घनाच्या कोपऱ्यांवर आणि बाजूंच्या मध्यावर अणू), ६०० केल्विन, ईएएम पोटेन्शियल (धातूतल्या अणूंमधलं बल देणारं सूत्र), लॅम्प्स या एमडी सॉफ्टवेअरमध्ये (मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे प्रत्येक अणूची हालचाल स्टेप-स्टेपने काढणं) १ नॅनोसेकंदाचा रन. एमएसडीचा (अणू मूळ जागेपासून किती सरकले त्या अंतराच्या वर्गाची सरासरी) ग्राफ सुरुवातीला थोडा चढतो आणि ०.०८ चौरस ॲंगस्ट्रॉमच्या आसपास सपाट होतो, त्यामुळे डिफ्युजन कोइफिशंट (अणू किती वेगाने पसरतात तो आकडा) शून्य येतोय, आणि गाईडनी दिलेला थिन फिल्मवरच्या प्रयोगाचा आकडा काही केल्या जुळत नाही. विचारलंय असं की पोटेन्शियल चुकीचं आहे का, दुसरं घेऊ का, की रन १० नॅनोसेकंद करू?

पोटेन्शियलला एवढ्यात हात लावू नका. रनही वाढवू नका, १० काय १०० नॅनोसेकंद केलात तरी ग्राफ असाच येईल. तुमचं सिम्युलेशन चुकलेलं नाहीये, त्याला जे विचारलं त्याचं ते बरोबर उत्तर देतंय, फक्त जे विचारलं गेलं ते डिफ्युजन नव्हतं. अशी ‘शून्य आलं’वाली प्रकरणं माझ्याकडे बरीच येतात आणि दहापैकी आठ वेळा घोळ हाच असतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो ०.०८ चा आकडा बघा. तांब्यात शेजारच्या दोन अणूंमधलं अंतर साधारण २.५५ ॲंगस्ट्रॉम, म्हणजे एका अणूने एक उडी मारली तर त्याचा वर्ग ६.५. तुमचा आकडा त्याच्या आसपाससुद्धा नाही. तो नुसत्या थरथरण्याचा आकडा आहे, अणू आपापल्या जागी बसून हलतायत तेवढंच, आणि ६०० केल्विनला तांब्यासारख्या धातूत ते थरथरणं साधारण एवढंच असायला हवं. म्हणजे उलट तुमचं पोटेन्शियल ठीक चाललंय असाच त्याचा अर्थ.

आता उड्या का नाहीत? बॉक्स तुम्ही बनवला तो लॅटिस (अणूंच्या जागांची जाळी) कमांडने, प्रत्येक जागेवर एक अणू, एकही जागा रिकामी नाही. अशा बॉक्समध्ये अणूने जायचं कुठे? दोन शेजाऱ्यांनी थेट जागा बदलायची म्हटलं तर एवढी एनर्जी लागते की ते घडतच नाही. गंमत म्हणजे एकेकाळी बऱ्याच लोकांना थेट अदलाबदलच होते असं वाटायचं. १९४७ मध्ये स्मिगेल्स्कस आणि कर्केंडॉल यांनी पितळेच्या पट्टीवर मॉलिब्डेनमच्या बारीक तारा ठेवून त्यावर तांब्याचा थर चढवला आणि तापवत ठेवलं, तर दोन्ही बाजूंच्या तारा एकमेकींकडे सरकल्या. जस्त बाहेर जास्त वेगाने जातंय आणि तांबं आत तेवढ्या वेगाने येत नाहीये, म्हणजे एकास एक अदलाबदल नाही. त्यानंतर व्हेकन्सीची, म्हणजे रिकाम्या जागेत शेजारचा अणू उडी मारतो ही, गोष्ट सगळ्यांना मान्य करावी लागली. तुमच्या बॉक्समध्ये नेमका तोच रस्ता बंद आहे.

मग एक अणू काढून टाकला की झालं का? अर्धं काम झालं. उरलेल्या अर्ध्यासाठी कागद-पेन घ्या. मी कुठलाही रन लावायच्या आधी हे दोन मिनिटांचं गणित करतोच, आणि ज्या दिवशी कंटाळा केला त्या दिवशी क्लस्टरवरचा आठवडा वाया गेलाय. शुद्ध तांब्याचे आकडे घेऊ, तुमच्या मिश्रधातूत ते बदलतील पण अंदाजाला पुरे. व्हेकन्सी तयार व्हायला साधारण १.२८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि शेजारच्या अणूला त्यात उडी मारायला साधारण ०.७० चा बॅरियर (पार करायची एनर्जीची टेकडी). अणू सेकंदाला १० चा १३ वा घात एवढ्या वेळा प्रयत्न करतो असं धरा, त्याला एक्सपोनेन्शियल उणे बॅरियर भागिले केटी (बोल्ट्झमन स्थिरांक गुणिले टेम्परेचर) ने गुणा, आणि शेजारी १२ म्हणून १२ ने गुणा.

६०० केल्विनला उत्तर येतं सेकंदाला साधारण १६ कोटी उड्या. ऐकायला खूप वाटतं, पण म्हणजे ६ नॅनोसेकंदांत एक उडी! तुमच्या १ नॅनोसेकंदात बहुतेक वेळा एकही नाही. ८०० केल्विनला नॅनोसेकंदाला ४-५, आणि १,२०० केल्विनला साधारण १४०. आणि ३०० केल्विनला? एका उडीसाठी जवळपास ५ मिलिसेकंद, १ फेम्टोसेकंदाची स्टेप धरली तर पाच लाख कोटी स्टेप्स. तिथे साधी एमडी विसराच.

अजून एक गोष्ट, जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. ४,००० अणूंत एक उडी झाली तर सगळ्या अणूंवर सरासरी काढलेला एमएसडी वाढतो ६.५ भागिले ४,०००, म्हणजे ०.००१६ ने. तुमच्या ग्राफमधला नुसता आवाजच त्याहून मोठा असेल. म्हणजे उडी झाली तरी तुम्हाला ती दिसली नसती. म्हणून एमएसडीवर विसंबून न राहता उड्या थेट मोजा, दर काही पिकोसेकंदांनी प्रत्येक अणू कुठल्या जागेवर बसलाय ते नोंदवा आणि जागा बदलली की एक उडी. सोपी स्क्रिप्ट आहे, आणि उड्यांचा आकडा हातात असला की डिफ्युजन कोइफिशंटवर किती विश्वास ठेवायचा ते लगेच कळतं. माझा ठोकताळा असा की काहीशे उड्यांच्या खाली मी डिफ्युजन कोइफिशंट लिहीतच नाही, लिहायचाच झाला तर फक्त ऑर्डर लिहितो.

आता पुढे काय करायचं हे तुम्हाला नक्की काय हवंय त्यावर आहे. सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे एक व्हेकन्सी टाकून १,१०० ते १,३०० केल्विनच्या पट्ट्यात चार-पाच टेम्परेचर्सना रन करायचं. प्रत्येक टेम्परेचरला एक लांबलचक रन करण्यापेक्षा वेगवेगळे सीड (रँडम नंबरची सुरुवात) आणि कॉपर-निकेलची वेगवेगळी रँडम मांडणी घेऊन ८-१० रन करा, कारण मिश्रधातूत एकाच मांडणीत व्हेकन्सी एखाद्या आवडत्या कोपऱ्यात रेंगाळते आणि तुम्हाला त्या कोपऱ्याचंच डिफ्युजन मिळतं. टेम्परेचर ठरवताना प्रयोगातला मेल्टिंग पॉइंट धरून चालू नका, तुमच्या पोटेन्शियलचा स्वतःचा मेल्टिंग पॉइंट असतो आणि तो शेकडो केल्विनने वेगळा असू शकतो. वर आणखी, पिरिऑडिक (सगळ्या बाजूंना स्वतःचीच प्रत जोडलेल्या) बॉक्सला पृष्ठभागच नसल्यामुळे तो मेल्टिंग पॉइंटच्या बराच वर जाऊनही घनच राहतो आणि मग अचानक वितळतो. सुरुवातीच्या काळात मी अर्हेनियस प्लॉटमध्ये (डिफ्युजनचा लॉग विरुद्ध १ भागिले टेम्परेचर) एक बिंदू वितळलेल्या बॉक्सचा टाकला होता, रेषेच्या बराच वर होता, आणि मी त्यावर ‘उच्च तापमानाला नवीन मेकॅनिझम’ असा परिच्छेदसुद्धा लिहिला होता. सुदैवाने पाठवायच्या आधी कोणीतरी विचारलं की आरडीएफ (अणूंमधल्या अंतरांचं वितरण, त्यावरून घन की द्रव ते कळतं) बघितलास का.

दुसरी फजिती याहून मजेदार. एमएसडी इतका सुंदर वाढत होता की मी खूश, डिफ्युजन पण घसघशीत. नंतर कळलं की अख्खा बॉक्सच एका दिशेला वाहत चाललाय, सेंटर ऑफ मासचा वेग काढून टाकायचाच राहिला होता. ओळखायची खूण अशी की खऱ्या डिफ्युजनचा एमएसडी वेळेच्या प्रमाणात वाढतो, वाहत्या बॉक्सचा वेळेच्या वर्गात. लॉग-लॉगवर काढा, उतार १ च्या जवळ हवा, २ कडे झुकला तर सेंटर ऑफ मास तपासा. आणि कोऑर्डिनेट्स अनरॅप केलेलेच (एका कडेने बाहेर पडून दुसऱ्या कडेने आत आलेल्या अणूचं खरं अंतर धरलेले) वापरा, हे सांगायची गरज नसावी पण दर वर्षी सांगावं लागतं.

आता खरी मेख. समजा सगळं नीट केलंत, अर्हेनियस रेषा सरळ आली, उतारावरून ॲक्टिव्हेशन एनर्जी काढली आणि ती आली ०.७. प्रयोगात तांब्याच्या सेल्फ-डिफ्युजनची २.१ च्या आसपास. लोक इथे घाबरतात आणि पुन्हा पोटेन्शियल बदलायला निघतात. अहो, तुम्ही व्हेकन्सी हाताने टाकलीय! प्रत्येक टेम्परेचरला बॉक्समध्ये एकच व्हेकन्सी, मग व्हेकन्सी तयार व्हायची एनर्जी उतारात येणार कुठून? तुम्हाला मिळाला तो फक्त उडीचा भाग. त्यात १.२८ मिळवा, बेरीज २ च्या जवळ येते, म्हणजे गोष्ट जुळते.

आकड्यांचंही तसंच. ४,००० जागांत एक व्हेकन्सी म्हणजे १०,००० मागे अडीच. खऱ्या तांब्यात अगदी मेल्टिंग पॉइंटला, १,३५८ केल्विनला, असतात १०,००० मागे साधारण २. म्हणजे तुमचा ‘एकच व्हेकन्सी’वाला छोटा बॉक्स कुठल्याही टेम्परेचरला खऱ्या धातूपेक्षा जास्त भोकं असलेला आहे. ६०० केल्विनला तर खऱ्या धातूत एन्ट्रॉपीचा गुणक धरूनही काही अब्ज अणूंमागे एक व्हेकन्सी. म्हणून सिम्युलेशनमधून आलेला डिफ्युजन कोइफिशंट खऱ्या व्हेकन्सी कॉन्सन्ट्रेशनने गुणून बॉक्समधल्या कॉन्सन्ट्रेशनने भागायचाच. हे न केलेले पेपरही बघितलेत, नावं घेत नाही.

हिशोब बरोबर बसतो का याची एक चाचणी देतो. १,२०० केल्विनला वरचेच आकडे घ्या, व्हेकन्सी एन्ट्रॉपीसाठी साधारण १० चा गुणक धरा, लॅटिस कॉन्स्टंट ३.६१५ ॲंगस्ट्रॉम, आणि कोरिलेशन फॅक्टर ०.७८. उत्तर येतं सेकंदाला ५ गुणिले १० चा उणे १४ वा घात चौरस मीटर, आणि ट्रेसर (खूण केलेल्या अणूंच्या) प्रयोगांतूनही तांब्याचा तेवढाच येतो. तासाभरात अणू साधारण १३ मायक्रोमीटर सरकतो असा त्याचा अर्थ. तुमच्या शुद्ध तांब्याच्या रनमधून, व्हेकन्सीची दुरुस्ती केल्यावर, याच्या दोन-तीन पटीच्या आत आकडा आला तर सेटअप ठीक आहे असं समजा आणि मगच निकेल मिसळा. हा ०.७८ कशाला तर उडी मारलेल्या अणूच्या मागे ती रिकामी जागा असतेच, त्यामुळे तो परत फिरायची शक्यता जास्त, सगळ्या उड्या कामी येत नाहीत. हाताने गणित करताना हा फॅक्टर लावायचा, एमएसडीवरून काढताना लावायचा नाही, तिथे तो आपोआप आलेला असतो. दोनदा लावणारे भेटलेत म्हणून सांगतोय.

पण तुम्हाला ६०० केल्विनचंच हवं असेल तर? वरच्या रेषेवरून खाली एक्स्ट्रापोलेट करता येतं, फक्त एवढं लक्षात ठेवा की ॲक्टिव्हेशन एनर्जीत ०.१ ची चूक असेल तर ६०० केल्विनला डिफ्युजन सुमारे ७ पट चुकतं आणि ३०० ला ४८ पट. मला स्वतःला अशा वेळी कायनेटिक मॉन्टे कार्लो (केएमसी) बरं वाटतं. त्यात थरथरणं फेकून द्यायचं आणि फक्त उड्या ठेवायच्या. प्रत्येक क्षणी व्हेकन्सीच्या १२ शेजाऱ्यांचे उडी मारायचे दर काढायचे, त्या प्रमाणात एक उडी निवडायची, आणि घड्याळ पुढे सरकवायचं उणे लॉग रँडम नंबर भागिले सगळ्या दरांची बेरीज एवढं. १९७५ मध्ये बोर्ट्झ, कॅलॉस आणि लेबोविट्झ यांनी मांडलेली हीच पद्धत, लोक तिला बीकेएल म्हणतात. टेम्परेचर कमी असलं की घड्याळच मोठ्या ढांगा टाकतं, त्यामुळे ६०० काय ४०० केल्विनसुद्धा चालतं.

कोड लिहिणं एका दिवसाचं काम, खरी मेहनत बॅरियरची. शुद्ध धातूत एकच बॅरियर पुरतो. मिश्रधातूत उडी मारणारा कॉपर आहे की निकेल, आजूबाजूला कोण कोण बसलंय, यावर बॅरियर बदलतो, आणि शक्यता हजारोंनी होतात. माझी पद्धत अशी की शे-दोनशे वेगवेगळ्या परिसरांसाठी क्लाइम्बिंग इमेज एनईबीने (उडीच्या वाटेवरचा सगळ्यात उंच बिंदू शोधायची पद्धत) बॅरियर काढायचे आणि त्यावर एक साधं मॉडेल बसवायचं, ज्यात उडीच्या आधीची आणि नंतरची एनर्जी वेगळी धरायची आणि मधल्या टेकडीचा दिशेवर अवलंबून नसलेला भाग वेगळा. हे असंच का, तर जातानाचा आणि येतानाचा बॅरियर वेगवेगळ्या ठिकाणाहून उचलले तर डिटेल्ड बॅलन्स (समतोलात प्रत्येक उडी जेवढ्या वेळा तेवढ्याच वेळा उलटीही व्हायला हवी हा नियम) मोडतो, आणि मग सिस्टिम अशा अवस्थेला जाऊन बसते जी थर्मोडायनॅमिक्समध्ये नाहीच. हा बग भयंकर कारण कोड न अडखळता चालतो, ग्राफ छान येतात, फक्त उत्तर खोटं. तपासायला सोपं आहे, उड्या बंद करून साधं मॉन्टे कार्लो त्याच एनर्जीने चालवा आणि शेजाऱ्यांचे आकडे दोन्हीकडे सारखे येतात का बघा.

केएमसीचा दुसरा वैताग म्हणजे व्हेकन्सी दोन जागांमध्ये इकडून तिकडे लाखो वेळा उड्या मारत बसते कारण त्या दोघींमधला बॅरियर छोटा आणि बाहेर पडायचा मोठा. कम्प्युटर तापतो, घड्याळ हलत नाही. कॉपर-निकेलमध्ये हा त्रास फार होऊ नये, पण व्हेकन्सीला चिकटणारं सोल्यूट (थोडं मिसळलेलं दुसरं मूलद्रव्य) असलेल्या मिश्रधातूत होतो, तेव्हा त्या जोडीला एकच अवस्था मानून बाहेर पडायचा वेळ गणिताने काढावा लागतो. हायपरडायनॅमिक्स, पॅरलल रेप्लिका वगैरे वेगवान एमडीचे प्रकारही आहेत, पण उडीचा मार्ग आधीच माहीत असताना त्यांच्या मागे लागायची गरज नाही. हल्ली प्रत्येक जण विचारतो मशीन लर्निंग पोटेन्शियल वापरू का. वापरा, बॅरियर जास्त नेमके येतील, पण ६ नॅनोसेकंदांत एक उडी हे त्याने बदलत नाही, उलट ते ईएएमपेक्षा हळू चालतं म्हणून एमडीत उड्या आणखी कमी पडतील. एनईबीसाठी वापरलंत तर पैसे वसूल.

हे सगळं व्हेकन्सीने चालणाऱ्या डिफ्युजनचं. लोखंडात कार्बन असता तर व्हेकन्सीची भानगडच नव्हती, कार्बन अणूंच्या मधल्या फटींतून फिरतो. तरीही त्याचा बॅरियर ०.८७ च्या आसपास, म्हणजे खोलीच्या टेम्परेचरला सेकंदाला एखादी उडी, एमडीत तोही दिसणार नाही. उलट सिल्व्हर आयोडाइडसारखं काही, १४७ अंश सेल्सिअसच्या वर ज्यातले चांदीचे आयन जवळजवळ द्रवासारखे वाहतात, तिथे साधी एमडी झकास चालते. म्हणून ‘एमडीने डिफ्युजन निघतं का’ याला हो किंवा नाही असं उत्तर नाही, बॅरियर भागिले केटी किती ते सांगा मग बोलू.

आणखी एक, तुम्हाला कुठला डिफ्युजन कोइफिशंट हवाय हेही ठरवा. एमएसडीवरून येतो तो ट्रेसरचा, एकेका अणूच्या भटकण्याचा. पण कॉपरचा थर आणि निकेलचा थर एकमेकांत मिसळताना प्रोफाइल कसा बदलतो हे हवं असेल तर तो इंटरडिफ्युजन कोइफिशंट. १९४८ च्या डार्कनच्या समीकरणाने दोन्ही ट्रेसर कोइफिशंट्सची सरासरी काढायची, कॉपरच्या कोइफिशंटला निकेलच्या प्रमाणाने गुणायचं आणि निकेलच्याला कॉपरच्या, बेरजेला थर्मोडायनॅमिक फॅक्टर लावायचा. कॉपर-निकेलला कमी टेम्परेचरला वेगळं व्हायचा कल असल्यामुळे हा फॅक्टर तिथे १ पेक्षा बराच कमी असतो, म्हणजे अणू भटकतात पण मिसळणं रेंगाळतं. मग तो कोइफिशंट एका वन-डी कोडमध्ये टाकला की झालं, फक्त एक्स्प्लिसिट स्कीम असेल तर डी गुणिले टाइम स्टेप भागिले ग्रिडच्या अंतराचा वर्ग हे अर्ध्याच्या आत ठेवा. १,२०० केल्विनला ०.१ मायक्रोमीटर ग्रिड असेल तर ०.१ सेकंदाची स्टेप चालते, ग्रिड अर्धी केली की स्टेप पाव करावी लागते. एकूण निकेल सुरुवातीला होतं तेवढंच शेवटीही आहे ना, एवढं छापून बघा.

आता तुमच्या गाईडनी दिलेला आकडा. तो थिन फिल्मवरचा, आणि मला वाटतं खरी अडचण इथेच येणार आहे. तांब्याचे उच्च तापमानाचे आकडे ६०० केल्विनपर्यंत खाली आणले तर डिफ्युजन येतं सेकंदाला ३ गुणिले १० चा उणे २३ वा घात चौरस मीटर, म्हणजे तासाभरात अणू सरकतो साधारण एक तृतीयांश नॅनोमीटर, जेमतेम शेजारच्या जागेपर्यंत. थिन फिल्म ६०० केल्विनला तासाभरात मिसळलेली दिसत असेल तर ते काम लॅटिसमधून झालेलंच नाही, ग्रेन बाउंड्रीमधून (धातूतल्या छोट्या क्रिस्टल्समधल्या सांध्यांतून) झालंय. तिथली ॲक्टिव्हेशन एनर्जी ढोबळमानाने लॅटिसच्या निम्मी, आणि फिल्ममध्ये ग्रेन अगदी बारीक, त्यामुळे मेल्टिंग पॉइंटच्या निम्म्या टेम्परेचरखाली त्यांचाच जोर असतो, आणि ६०० केल्विन म्हणजे तांब्यासाठी निम्म्याहूनही खाली. व्हेकन्सी टाकून, केएमसी करून, सगळ्या दुरुस्त्या लावून तुमचा लॅटिसचा आकडा अगदी अचूक आला तरी तो त्या पेपरच्या आकड्याशी कित्येक ऑर्डरने जुळणार नाही, आणि जुळूही नये.

त्यामुळे आधी त्या पेपरात फिल्मची जाडी, ग्रेनचा आकार आणि किती तास तापवलं ते शोधा आणि इथे टाका. ग्रेन बाउंड्रीच असेल तर तुम्हाला बॉक्सच वेगळा बनवावा लागेल, दोन क्रिस्टल वळवून जोडलेला, आणि त्यात ९००-१,००० केल्विनला साध्या एमडीनेही भरपूर उड्या मिळतील. ती स्क्रिप्ट कशी लिहायची ते मग सांगतो.